अर्धं यंत्र, अर्धी बाई

आमच्या जळगाव जामोद तालुक्यातल्या एका गावात बचत गटाची बैठक नुकतीच संपली होती. सतरंजी झटकून झाली, वह्या पिशवीत गेल्या. गटातली एक बाई माझ्यामागोमाग ओसरीपर्यंत आली आणि इकडेतिकडे बघत हळूच म्हणाली, "ताई, तुमी शिकेल हा. मले सांगा, कपडे धुवाची मशीन कोन्या कंपनीची चांगली रायते?"

प्रश्न साधा होता. दोन-तीन नावं माझ्या ओठांवर आलीही. पण सवयीनं आधी विचारलं, "कुणासाठी घेताय मावशी?"

"लेकीच्या लग्नात द्याची हाय. पोरावाल्यायनं सांगतलं, मशीन नावाच्या कंपनीचीच पायजे."

"त्यांच्या घरी नळ आहे?"

"हाय न. पाचव्या दिवशी येते."

"मग मशीनमध्ये पाणी कोण भरणार?"

मावशी हसल्या. एवढी शिकलेली ताई आणि असा कसा प्रश्न विचारते, असं ते हसणं होतं. म्हणाल्या, "कोन भरीन? पोरगीच भरीन."

कंपनीचं नाव मुलाकडचे ठरवणार, पैसे मुलीचा बाप भरणार आणि पाणी मुलगी भरणार. धुण्याच्या यंत्राबद्दल एरवी आपण जे वाचतो, ऐकतो, त्यात यातलं काहीही नसतं. कोणती कंपनी पुढे गेली, कोणती मागे पडली, कुणाचा बाजारातला वाटा किती वाढला, याच्या बातम्या असतात. त्या कंपन्यांची नशिबं गेल्या पस्तीस वर्षांत कितीदा उलटीपालटी झाली. यंत्रापाशी उभ्या असलेल्या बाईचं नशीब किती बदललं, हे मला आज विचारायचं आहे.

कंपन्यांची गोष्ट

आधी कंपन्यांची गोष्ट सांगते, कारण ती आपल्या महाराष्ट्राचीही गोष्ट आहे.

आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत हे यंत्र शिरू लागलं ते १९८० च्या दशकाच्या अखेरीस. औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, व्हिडिओकॉन त्यात आघाडीवर होती. पैठण रस्त्यावर चितेगावला तिचा कारखाना. दूरदर्शनवर तिची जाहिरात लागली की घरातली लहान मुलंसुद्धा चालीवर म्हणायची. कलकत्त्याच्या आयएफबीनं बॉश या जर्मन कंपनीची मदत घेऊन समोरून उघडणारी यंत्रं आणली आणि गोव्यात कारखाना काढला. अमेरिकेच्या व्हर्लपूलनं टीव्हीएसबरोबर भागीदारी करून पाँडिचेरीत यंत्रं बनवायला सुरुवात केली. बंगलोरची बीपीएल होती. गोदरेजनं १९९३ साली अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकशी हात मिळवला.

१९९१ साली आर्थिक धोरण बदललं आणि परदेशी कंपन्यांना दारं उघडली. १९९५ साली सॅमसंग आली, १९९७ साली एलजी. दोन्ही दक्षिण कोरियाच्या. सुरुवातीला लोक म्हणायचे, ही कसली नावं, यांचा माल टिकणार आहे का? पण या कंपन्यांनी मोठ्या शहरांवर न थांबता छोट्या गावांपर्यंत विक्रेते नेमले. जिथे विक्रेता पोचला, तिथे मागोमाग दुरुस्तीचा माणूसही पोचवला. २००४ साली एलजीचा दुसरा कारखाना पुण्याजवळ रांजणगावला सुरू झाला. २००७ साली चीनच्या हायरनं त्याच रांजणगावला बस्तान बसवलं. व्हिडिओकॉननंही हातपाय पसरले होते. २००५ साली तिनं इलेक्ट्रोलक्सचा भारतातला धंदा विकत घेतला. मोबाइल, तेल, वायू अशा कितीतरी धंद्यांत ती उतरली आणि कर्जाचा डोंगर वाढत गेला.

२०१८ साली व्हिडिओकॉन दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे गेली. तिच्या तेरा कंपन्यांवरचे मान्य झालेले दावे ६४,८३८ कोटी रुपयांचे होते. २०२१ साली त्या सगळ्यांसाठी जी बोली मंजूर झाली ती होती २,९६२ कोटींची. शंभर रुपयांच्या देण्यापोटी पाच रुपयेसुद्धा नाहीत. जानेवारी २०२२ मध्ये अपिलात ती मंजुरीही रद्द झाली. आमच्या बचत गटातल्या बाईचा दोन हजारांचा हप्ता आठ दिवस चुकला तर वसुलीवाला दारात उभा राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलतो, हे इथे सहज आठवलं म्हणून लिहिते.

आणि एलजी? तिच्या भारतातल्या कंपनीचे पंधरा टक्के शेअर ऑक्टोबर २०२५ मध्ये बाजारात विकले गेले. ११,६०७ कोटी रुपये जमा झाले. ते सगळे कोरियातल्या मूळ कंपनीला गेले, कारण विकले गेले ते तिचेच शेअर होते. इथल्या कारखान्यासाठी त्यातून एक रुपयाही उभा राहिला नाही. त्याच्या एक वर्ष आधी, सप्टेंबर २०२४ मध्ये, तामिळनाडूत श्रीपेरुंबुदूरच्या सॅमसंग कारखान्यातले कामगार संपावर गेले होते. फ्रिज, टीव्ही आणि धुण्याची यंत्रं बनवणाऱ्या या कामगारांना पगारवाढ हवी होती आणि आपल्या संघटनेला मान्यता हवी होती. सदतीस दिवस संप चालला. ज्या कंपन्या जिंकल्या असं आपण म्हणतो, त्यांच्या घरातली ही गोष्ट.

आमच्या तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. यंदा कापूस कसा, ज्वारी कशी, पाऊस किती, याचं भाकीत ऐकायला लांबून माणसं येतात. बाजाराचे जाणकारही अशीच मांडणी करतात. ही कंपनी वर, ती कंपनी खाली. ज्वारीचं भाकीत सांगणारा ती कांडणारीबद्दल, दळणारीबद्दल बोलत नाही. यंत्राचं भाकीत सांगणारेही धुणारीबद्दल बोलत नाहीत.

उंदीर दिसला, बाई दिसली नाही

मैत्रिणींनो, आपल्या देशात जी यंत्रं खपतात त्यांत अर्धस्वयंचलित यंत्रांचा वाटा मोठा आहे. आमच्या भागात तर बहुतेक घरांत तीच दिसतात. दोन पिंपांचं यंत्र. एका पिंपात पाणी ओतायचं, साबण टाकायचा, कपडे टाकायचे, बटण फिरवायचं. मळकं पाणी सोडून द्यायचं. पुन्हा पाणी ओतायचं, खळबळायचं. पुन्हा ओतायचं. मग ओले, जड झालेले कपडे उपसून शेजारच्या पिंपात घालायचे, तिथे पिळून निघाले की काढायचे आणि वाळत घालायचे. आमच्या गटातल्या एकीनं एकदा मोजलं. एका धुण्याला नऊ बादल्या लागल्या.

अर्धस्वयंचलित या शब्दाचा अर्थ मला तेव्हा नीट कळला. अर्धं काम यंत्र करतं. उरलेलं अर्धं कोण करतं, त्याचं नाव मात्र खोक्यावर छापलेलं नसतं.

आपले लोक स्वस्तातलं बघतात म्हणून ही यंत्रं खपतात, असं म्हणतात. किंमत हे कारण आहेच, पण ते एकच कारण नाही. पूर्ण स्वयंचलित यंत्राला सतत दाबानं येणारा नळ लागतो. तो नसेल तर गच्चीवर टाकी लागते, टाकीत पाणी चढवायला मोटर लागते आणि मोटरला त्या वेळी वीज लागते. मधेच वीज गेली तर यंत्र कपड्यांसकट कुलूपबंद होऊन बसतं. हे सगळं कंपन्यांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून त्यांनी कमी दाबाच्या पाण्यावर चालणारी यंत्रं काढली. वीज परत आल्यावर जिथे थांबलं तिथून पुढे चालू होणारी यंत्रं काढली. साडीसाठी वेगळं बटण दिलं. खालून उंदीर शिरून वायरी कुरतडतो म्हणून बुडाला जाळी लावली. कंपनीला आमच्या घरातला उंदीर दिसला, कोरडा नळ दिसला, गेलेली वीज दिसली. पाणी भरणारी बाई मात्र तिनं गृहीत धरली. नळ रोज आला नाही तरी चालेल, बाई तर रोज आहेच, असा हा हिशेब आहे.

आमचा भाग खारपाणपट्ट्याला लागून आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला हा पट्टा अमरावती, अकोला, बुलडाणा अशा जिल्ह्यांतून जातो. सातपुड्याच्या पायथ्याची गावं सोडून खाली पूर्णेकडे उतरावं तसं विहिरीचं, बोअरचं पाणी खारं होत जातं. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी हे पाणी प्यायलं आहे. या पट्ट्यात मूत्रपिंडाच्या आजारानं गेलेल्या माणसांची नावं गावोगाव सांगतात. वान धरणाचं गोडं पाणी जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतल्या गावांना द्यायची १४० गावांची योजना झाली ती याच कारणानं.

धुण्याचा विषय काढला की या पाण्याबद्दल बायका काय सांगतात, ते ऐकायला हवं. साबण घासघास घासला तरी फेस येत नाही. पांढरा कपडा चार धुण्यांत पिवळट पडतो. ओढण्या, लुगडी वाळली की काठीसारखी कडक होतात. अशा पाण्यात साबण दुप्पट लागतो आणि हातही दुप्पट झिजतो. हेच पाणी यंत्रात ओतलं की आतून पांढरा थर धरतो. मग दुरुस्तीचा माणूस येतो आणि घरातल्या बाईला म्हणतो, "ताई, तुम्ही नीट वापरलं नाही." जाहिरातीत कधी खारं पाणी पाहिलं आहे का? तिथं नेहमी निळंशार, गोल गोल फिरणारं पाणी असतं. ते भरून आणणारी बाई त्या चित्राच्या बाहेर उभी असते.

जल जीवन मिशन २०१९ साली सुरू झालं. ग्रामीण भागातल्या प्रत्येक माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी घरात नळानं मिळावं, हे उद्दिष्ट. मुदत होती २०२४, ती आता २०२८ पर्यंत वाढवली आहे. हिशेब करून बघा. पाच माणसांच्या घराला दिवसाला २७५ लिटर. त्यात पिणं, स्वयंपाक, आंघोळी, भांडी, संडास आणि जमलं तर जनावरं. आमच्या मैत्रिणीच्या नऊ बादल्या, पंधरा लिटरची एक धरली तर, १३५ लिटर होतात. म्हणजे सरकारनं ठरवलेलं सगळं पाणी रोज मिळालं, तरी एका धुण्यात त्यातलं निम्मं संपतं. आणि इथं तर नळ पाचव्या दिवशी येतो.

२१ जुलै २०१८ ला जीएसटी परिषदेनं दोन निर्णय एकाच बैठकीत घेतले. सॅनिटरी पॅडवरचा कर काढून टाकला आणि धुण्याच्या यंत्रावरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला. महिलांसाठी भेट म्हणून दोन्हींचं कौतुक झालं. पहिल्यासाठी देशभरातल्या मुलींनी, बायकांनी आवाज उठवला होता, ते यश त्यांचं. दुसऱ्याचं काय? त्यानंतर झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, देशातल्या पाच घरांपैकी एका घरातही हे यंत्र धड निघालं नाही. उरलेल्या चार घरांतल्या बाईला कर कमी झाल्यानं काय मिळालं? तिला नळ हवा होता.

मशीन आली, काम गेलं

आता जे लिहायचं आहे ते माझ्या स्वतःच्या घरातलं आहे आणि ते लिहायला मला लाज वाटते. पण लिहिलं नाही तर बाकीचं लिहिण्याचा मला हक्क राहत नाही.

मी शाळेत असताना आमच्याकडे धुणंभांडी करायला एक काकू येत. आई शाळेत शिकवायची. आईनं पगारातून साठवून मशीन घेतलं. कोणत्या कंपनीचं ते सांगत नाही, त्यानं काही फरक पडत नाही. मशीन आलं त्या दिवशी आईनं त्याला हळदकुंकू लावलं. आम्ही भावंडं झाकणातून आत बघत बसलो. आणि पुढच्या महिन्यात आईनं काकूंना सांगितलं, "आता धुणं नाही, नुसती भांडी." पगार निम्मा झाला. काकू काही बोलल्या नाहीत. पण पाणी भरून ठेवायचं, ओले कपडे गच्चीवर नेऊन वाळत घालायचे, संध्याकाळी काढून घड्या करायच्या, हे सगळं काकूच करत राहिल्या. आता ते धुण्यात धरलं जात नव्हतं एवढंच.

आई दुष्ट नव्हती. तिलाही पहाटे पाचला उठून डबे करून शाळा गाठायची होती. एका दमलेल्या बाईनं आपला दम दुसऱ्या दमलेल्या बाईच्या पगारातून भरून काढला. घरातल्या तिसऱ्या मोठ्या माणसाला, म्हणजे माझ्या वडिलांना, यात काहीच करावं लागलं नाही. त्यांचे कपडे आधीही धुतले जात होते, नंतरही धुतले गेले. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेताना श्रमविभागणीवर मी पानंच्या पानं लिहिली. या निम्म्या पगाराची आठवण मला तेव्हा झाली नाही. ती झाली नोकरीला लागल्यावर, मोलकरणींच्या एका बैठकीत. एक बाई म्हणाली, "ताई, मशीन आली अन् माह्यं काम गेलं. पण काम गेलं म्हनतात ते खरं नाही. काम तेवढंच रायलं, पैसे गेले."

आमच्या वऱ्हाडात गावाची धुणी धुण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या वरठी समाजावर लादलेलं होतं. बाळंतिणीचे कपडे, सुतकाचे कपडे, ज्याला इतर कुणी हात लावणार नाही ते सगळं त्यांच्या पदरात. बदल्यात सुगीला चार पायल्या धान्य. याच समाजातून आलेल्या गाडगेबाबांनी हातात झाडू घेऊन सगळ्या समाजाला सफाई शिकवली. म्हणजे घाण काढण्याचं काम आपल्याकडे ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडे जातं. जातीनं कुणी खालचा असेल तर त्याच्याकडे, नसेल तर घरातल्या बाईकडे. यंत्रानं ही व्यवस्था मोडली नाही. धुणं घाटावरून घरात आलं, वरठिणीच्या हातातून मोलकरणीच्या हातात आणि मोलकरणीच्या हातातून सुनेच्या हातात गेलं. पुरुषाच्या हातात मात्र ते कुठल्याच टप्प्यावर थांबलं नाही.

रूथ श्वार्ट्झ कोवान या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ साली एका पुस्तकात हेच अमेरिकेबद्दल दाखवलं होतं. घरात यंत्रं आली तशी नवऱ्याची, मुलांची, नोकरांची आणि बाहेरच्या धोब्यांची कामं एकेक करून संपली. सगळं एकट्या गृहिणीवर येऊन पडलं. शिवाय स्वच्छतेची अपेक्षा वाढली. जो सदरा दोन दिवस घातला जायचा तो रोज धुवायला पडू लागला. आपल्याकडे काय वेगळं झालं? मशीन असलेल्या घरातल्या बाईला विचारा. "तुझ्याकडे मशीन आहे ना, मग ही चादरपण टाक, पडदेपण टाक, दिराचे कपडेपण टाक." आणि वर, "तुला काय काम असतं?"

वेळ कुठे गेला?

जाहिरातींनी आपल्याला पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट विकली, वेळ. हे यंत्र घ्या, तुमचा वेळ वाचेल. मग तो वाचलेला वेळ शोधू या.

केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत २०१९ साली पंधरा ते एकोणसाठ वयाच्या बायका घरच्यांसाठी बिनपगारी घरकामात दिवसाला ३१५ मिनिटं घालवत होत्या. २०२४ च्या पाहणीत ती ३०५ मिनिटं झाली. पाच वर्षांत नवी यंत्रं आली, सगळं काही स्वतः ठरवणारी, फोनवरून चालणारी यंत्रं आली, आणि बाईची दहा मिनिटं वाचली. सहा वर्षांवरच्या सगळ्यांचा हिशेब धरला तर २०२४ साली घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला २८९ मिनिटं देत होत्या आणि पुरुष ८८. आणि हे ८८ सुद्धा घरकामाला मुळात हात लावणाऱ्या पुरुषांचे. २०१९ सालच्या पाहणीत असे पुरुष होते शंभरात सव्वीस. बाकीचे या हिशेबात येतच नाहीत.

२०१५ साली एका साबणाच्या पावडरीनं मोठी मोहीम काढली. धुणं फक्त बाईनंच का करावं, असा प्रश्न विचारला. अनेक मैत्रिणींना ती जाहिरात बघून डोळ्यांत पाणी आलं. मलाही आलं. पण नंतर मनात आलं की चळवळीतल्या बायका जे वर्षानुवर्षं सांगत होत्या, घर मोडणाऱ्या म्हणून शिव्या खात होत्या, ते पावडरीच्या पुडीवर छापून आल्यावर सगळ्यांना गोड लागलं. का? कारण त्यात पुरुषाला काही सोडावं लागत नव्हतं. महिन्यातून एकदा बटण दाबून फोटो काढला की झालं. घरकामाची वाटणी ही साबण विकत घेऊन होणारी गोष्ट नाही. ती घरात बोलून, वेळप्रसंगी भांडूनच होते.

मग यंत्र नको का?

हे वाचून कुणी म्हणेल, तुमच्या चळवळीला सगळ्यातच वाईट दिसतं. बायकांनी काय पुन्हा नदीवर जाऊन धोपटणं हातात घ्यायचं?

अजिबात नाही. मी यंत्राच्या विरोधात नाही. पावसाळ्यात ओल्या गोधड्या पिळून ज्यांची मनगटं गेली, खारं पाणी आणि सोडा यांनी ज्यांच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या, त्या बायका मी रोज बघते. सातपुड्यात भिंगारा, चाळीसटापरीकडच्या आदिवासी वस्त्यांवर उन्हाळ्यात बायका पाण्यासाठी किती चालतात ते मला माहीत आहे. त्यांच्यासमोर हाताच्या श्रमाचं कौतुक मी करणार नाही. प्रत्येक बाईला यंत्र मिळालं पाहिजे. माझं भांडण आहे ते यंत्रासोबत फुकटात गृहीत धरलेल्या बाईबद्दल.

म्हणून कोणत्या कंपनीचं घ्यावं या प्रश्नाआधी काही प्रश्न आपण विचारायला शिकू या.

पहिला प्रश्न, बिल कुणाच्या नावावर? लग्नात मुलीला दिलेली वस्तू हे तिचं स्त्रीधन आहे आणि त्याची मालकी तिचीच, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट सांगितलं. लग्नातल्या भेटवस्तूंची लेखी यादी ठेवावी, असे नियमही त्याच वर्षी झाले. आमच्याकडे सल्ल्याला आलेल्या कितीतरी मुलींना घर सोडताना स्वतःचं मशीन परत मिळालं नाही, कारण बिल नवऱ्याच्या किंवा दिराच्या नावावर होतं. आणि मुलाकडच्यांनी मागून घेतलं असेल तर तो हुंडा आहे. १९६१ पासून तो गुन्हा आहे. नावाच्या कंपनीचं मागितलं म्हणून तो भेट ठरत नाही.

दुसरा प्रश्न, पाणी कुठून येणार? ग्रामसभेत नळाचा विषय निघतो तेव्हा बायका मागच्या बाजूला बसलेल्या असतात. पुढे बसा. नळ रोज येत नसेल तर तो रोज येण्याची मागणी हीच आपली सगळ्यात मोठी धुण्याची मशीन आहे.

तिसरा प्रश्न, बिघडल्यावर कोण बघणार? कंपन्या बुडतात, विकल्या जातात, नावं बदलतात, आणि लोखंडाचं धूड मोरीत पडून राहतं. तालुक्याच्या आयटीआयमध्ये आपल्या मुली ही दुरुस्ती शिकल्या तर गावातलं यंत्र चालू राहील आणि चार पैसे त्यांच्या हातात येतील.

चौथा प्रश्न, मोलकरणीच्या पगाराचं काय? १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला आणि संघटना उभी केली. २००८ साली राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. कायदा झाला तरी आपल्या मोरीत काय घडतं ते आपल्यालाच बघायला लागतं. मशीन घेतलंत म्हणून तिचा पगार कापू नका. यंत्रामुळे काम हलकं झालं असेल, तर ते तिचंही हलकं होऊ द्या.

आणि शेवटचा प्रश्न, पाळी कुणाची? घरात चार मोठी माणसं असतील तर आठवड्याच्या धुण्याच्या चार पाळ्या लागल्या पाहिजेत. पाणी भरण्यापासून घड्या कपाटात जाईपर्यंत. नुसतं बटण दाबणं ही पाळी नव्हे.

त्या मावशींना मी यातलं बरंचसं ओसरीवर उभ्या उभ्या सांगितलं. हुंड्याचा कायदाही सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमचं खरं हाय ताई. पन लगन मोडलं त मंग तुमी याल का आमच्या घरी बसाले?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मशीन दिलं गेलं. मी एवढंच करू शकले की बिल मुलीच्या नावानं झालं आणि यादीवर दोन्हीकडच्यांच्या सह्या झाल्या. याला मी विजय म्हणत नाही.

पण मावशींचा तो प्रश्न मी विसरलेले नाही. लग्न मोडलं तर आम्ही येऊ का त्यांच्या घरी बसायला? एकटी ताई येऊन काय होणार? चाळीस बाया आल्या तर मात्र फरक पडेल. पुढच्या महिन्यात गटाच्या बैठकीत मी हाच विषय ठेवला आहे: मुलाकडच्यांनी यादी पाठवली की गटानं काय करायचं. हिशेबाच्या वहीत तो पहिल्या ओळीवर लिहिला आहे, कर्जाच्या हप्त्यांच्याही वर.